डोमेन नावाची चौकशी बोभाटा न करता : एक छोटे साधन घडवण्याचा धडा

पनवेल तालुक्यात जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. आपण कोणत्या सर्वे नंबरची चौकशी करतो आहोत हे चार माणसांना कळले की भाव चढतो. म्हणून जाणता माणूस दलालाला विचारत बसत नाही, आधी स्वतः सातबारा पाहतो आणि मग तोंड उघडतो. सिडको आली, द्रुतगती मार्ग आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रत्येक वेळी हा धडा पनवेलकरांनी नव्याने गिरवला.

मात्र हाच माणूस आपल्या दुकानाच्या वेबसाईटसाठी नाव शोधायला बसतो, तेव्हा ही सावधगिरी बाजूला राहते. समोर दिसेल त्या वेबसाईटवर तो मनातले नाव टाईप करतो आणि 'मोकळे आहे का?' असे विचारतो. आपण एका अनोळखी दलालाला आपला सर्वे नंबर सांगितला, हे त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून आजच्या अभ्यासलेखात नाव शोधणारे, पण नाव न फोडणारे छोटे साधन कसे घडवावे ते आपण पाहणार आहोत. संगणकाचे जुजबी शिक्षण घेतलेल्या आणि पायथन किंवा जावास्क्रिप्ट यांपैकी एक भाषा येणाऱ्या तरुणाला हे काम जमण्यासारखे आहे. ज्यांना साधन घडवायचे नाही, त्या व्यापारी वाचकांनीही लेख शेवटपर्यंत वाचावा. विचारण्याची रीत त्यांच्याही उपयोगाची आहे.

मूळ वही आणि विक्रेता

प्रथम दोन संस्थांमधील फरक नीट समजून घेऊ. डॉट कॉम, डॉट इन अशा प्रत्येक शेपटाची एक मूळ वही असते. ही वही सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. डॉट कॉमची वही अमेरिकेतील व्हेरीसाईन कंपनीकडे आहे. डॉट इनची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या २००३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. आपण नाव विकत घेतो ते रजिस्ट्रारकडून. रजिस्ट्रार हा विक्रेता, वही त्याच्याकडे नसते. तो फक्त वहीत नोंद करवून देतो.

डॉट इनचा आरंभ आपल्या मुंबईतच झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९८९ मध्ये हे शेपूट जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेच्या हाती आले. नियम कडक असल्याने २००४ पर्यंत सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली आणि डॉट इनचा खरा बाजार तेव्हापासून सुरू झाला.

बातमी कुठे फुटते?

समजा, उरण नाक्याजवळच्या एका मसाले व्यापाऱ्याला 'खाडीकाठ' हे नाव सुचले आणि ते मोकळे आहे का, हे त्याला पाहायचे आहे. हा प्रश्न किती जणांच्या कानावर जाऊ शकतो ते मोजू.

ब्राऊझरच्या पट्टीत अक्षरे टाईप होत असतानाच ती बहुधा शोधसेवा देणाऱ्या कंपनीकडे जातात, कारण सूचना तिथूनच येतात. एंटर दाबल्यावर नावाचा पत्ता विचारणारा प्रश्न इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएस यंत्राकडे जातो. तिसरा कान चौकशीची वेबसाईट चालवणाऱ्याचा. त्या पानावर जाहिराती किंवा वाचकांची मोजदाद करणारी साधने असतील, तर नाव त्यांच्याकडेही पोचू शकते. शेवटचा कान रजिस्ट्रीचा. वही तिच्याकडेच असल्याने तिला विचारणे भागच असते. पण रजिस्ट्रीला कळणे आणि वाटेत पाच जणांना कळणे यांत फरक आहे.

ही भीती पोकळ नाही. जगभरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या सुरक्षा समितीने ऑक्टोबर २००७ मध्ये एक इशारेवजा अहवाल काढला होता. एखाद्याने चौकशी केलेले नाव दुसऱ्याने आधीच पटकावणे, हा त्याचा विषय. समितीकडे तक्रारी आल्या होत्या, ठोस पुरावा मात्र हाती नव्हता. तीनच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, एक प्रकार जगासमोर आला. नेटवर्क सोल्युशन्स या मोठ्या अमेरिकी रजिस्ट्रारच्या वेबसाईटवर कोणी नाव शोधले की कंपनी ते नाव चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवी. त्या काळात ते नाव दुसऱ्या विक्रेत्याकडून घेता येत नसे. ग्राहकाच्या संरक्षणासाठी आपण हे करतो, असे कंपनीचे म्हणणे होते. तिच्यावर दावाही झाला.

नोंदलेले नाव पाच दिवसांत परत केले की पैसे परत मिळत, म्हणून हे शक्य होई. आयकॅनने २००८-०९ मध्ये या सवलतीला वेसण घातली आणि नावे फुकट अडकवण्याचा तो धंदा जवळजवळ बंद पडला. ज्याला एखाद्या नावाचे मोल कळले, तो वर्षाचे पैसे भरून ते आजही घेऊ शकतो. मग मूळ माणसाने ते त्याच्याकडून चढ्या भावाने घ्यावे, किंवा पाट्या आणि बिलबुके नव्याने छापावीत.

जुनी खिडकी आणि नवी खिडकी

रजिस्ट्रीला विचारण्याची जुनी पद्धत म्हणजे हूइज. तिचा मसुदा १९८२ सालचा आहे. संगणकाच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवरून प्रश्न जातो आणि उत्तर येते. दोन्ही उघड्या अक्षरांत असतात. पोस्टकार्डावर लिहिलेला मजकूर वाटेतला कोणीही वाचू शकतो, तसाच हा प्रकार.

नवी पद्धत आरडॅप. तिची मानके २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रश्न एचटीटीपीएसने, म्हणजे बंद पाकिटातून जातो. पाकीट कोणत्या संस्थेकडे चालले आहे ते वाटेत दिसते, आतले नाव दिसत नाही. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण शेपटांसाठी हूइज चालवण्याचे बंधन २८ जानेवारी २०२५ पासून संपले आहे. म्हणून आज साधन घडवायचे तर ते आरडॅपवरच घडवावे.

येथे दोन गुप्तता वेगवेगळ्या ओळखाव्यात. नावाच्या मालकाचा पत्ता आणि फोन लपवणे ही एक. युरोपातील कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर बहुतेक वह्यांतील मालकाचा तपशील झाकला गेला. विचारणाऱ्याचा प्रश्न लपवणे ही दुसरी. आपला धडा दुसरीचा आहे आणि तिच्याकडे लक्ष देणारे थोडे आहेत.

साधनाची रचना

आमच्या मते साधनाचा पाया एकाच नियमावर असावा : ग्राहकाचे नाव आपल्या सर्व्हरवर येताच कामा नये. 'आम्ही नोंद ठेवत नाही' असे आश्वासन देणे सोपे आहे, पण ग्राहकाला ते तपासता येत नाही. नाव आपल्याकडे आलेच नाही, तर ते चोरीलाही जात नाही आणि कोणी मागितले तरी देता येत नाही. या नियमाने पुढील पायऱ्या ठरतात.

पहिली पायरी घरच्या घरी नाव तपासण्याची. अक्षरे चालणारी आहेत का, लांबी ६३ अक्षरांच्या आत आहे का, आरंभी किंवा शेवटी जोडरेषा नाही ना, हे ग्राहकाच्या संगणकावरच पाहावे. चुकीच्या नावासाठी बाहेर विचारण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी वही घरी आणण्याची. आयकॅनची एक सेवा आहे, तिचे लघुनाम सीझेडडीएस. तिच्याकडे अर्ज करून कारण सांगितले की डॉट कॉमसह बहुतेक सर्वसाधारण शेपटांच्या नावांची संपूर्ण यादी विनामूल्य उतरवून घेता येते. परवानगी प्रत्येक रजिस्ट्री स्वतंत्रपणे देते. डॉट कॉमच्या यादीत पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत. ही संख्या ऐकून घाबरू नये. यादी अक्षरक्रमाने लावून ठेवली आणि शब्दकोशात शब्द शोधतो तसे मधोमध उघडून अर्धे अर्धे करत गेले, तर अठ्ठावीस तुलनांत उत्तर मिळते. साध्या संगणकालाही हे काम क्षणाचे आहे, आणि नाव खोलीबाहेर जात नाही.

या यादीच्या दोन मर्यादा आहेत. ती दिवसातून एकदाच ताजी होते. शिवाय नोंदलेले पण सर्व्हर न जोडलेले नाव तिच्यात दिसत नाही. म्हणून यादीत नाव सापडले तर ते गेले असे निश्चित समजावे. न सापडले तर 'बहुधा मोकळे' एवढेच म्हणावे. दहा नावांतली सात येथेच गळाली, तर त्या सातांबद्दल जगात कोणालाच काही कळत नाही.

तिसरी पायरी शेवटच्या प्रश्नाची. उरलेल्या नावांसाठी रजिस्ट्रीच्या आरडॅप सर्व्हरला थेट विचारावे. कोणत्या शेपटासाठी कोणता सर्व्हर, याची यादी आयाना ही संस्था प्रसिद्ध करते. ती रोज एकदा उतरवून ठेवावी. उत्तर २०० क्रमांकाचे आले तर नाव गेलेले आहे. ४०४ आले तर वहीत नोंद नाही. ४२९ आले तर आपण फार वेगाने विचारत आहोत, थोडे थांबावे. मात्र ४०४ म्हणजे नाव मिळेलच असे नव्हे, कारण काही नावे रजिस्ट्रीने राखून ठेवलेली किंवा जादा भावाची असतात. पडद्यावर 'उपलब्ध' असे ठासून लिहू नये. 'नोंद आढळली नाही' असे लिहावे.

हा प्रश्न ग्राहकाच्या ब्राऊझरमधूनच रजिस्ट्रीकडे जावा. आरडॅपच्या मानकात तशी सोय ठेवण्याची शिफारस आहे. एखादा सर्व्हर ब्राऊझरला उत्तर देत नसेल, तर साधनाने ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे. गुपचूप आपल्या सर्व्हरमार्फत विचारून आणले, तर वरचा नियम तिथेच मोडतो.

डॉट इनसारख्या देशांच्या शेपटांच्या याद्या सहसा अशा रीतीने मिळत नाहीत. त्यांच्यासाठी थेट तिसऱ्या पायरीवर जावे लागते आणि ही गोष्टही ग्राहकाला आधी सांगावी.

कपाटाचे खण

प्रत्येक ग्राहकाच्या मोबाईलवर पंधरा कोटी नावांची यादी मावणार नाही, मग काय करावे? यावर एक सुरेख युक्ती आहे. संगणकात कोणत्याही शब्दाचा हॅश काढता येतो. हॅश म्हणजे शब्दाच्या अंगठ्याचा ठसा समजा. ठशावरून शब्द उलटा काढता येत नाही, पण त्याच शब्दाचा ठसा नेहमी तोच येतो.

आपल्या सर्व्हरवर यादीतील सर्व नावांचे ठसे काढून ठेवावेत आणि ठशाच्या पहिल्या पाच चिन्हांनुसार ते खणांत लावावेत. प्रत्येक चिन्ह सोळांपैकी एक असते, म्हणून खण होतात १०,४८,५७६. पंधरा कोटी ठसे त्यांत वाटले की एका खणात सुमारे १४० ठसे येतात. ग्राहकाचा मोबाईल फक्त खणाचा नंबर पाठवतो, आपण तो अख्खा खण परत देतो, आणि आपला ठसा त्यात आहे का हे मोबाईल स्वतःच पाहतो. चोरीस गेलेले पासवर्ड तपासणाऱ्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेने २०१८ पासून हीच रीत वापरली आहे.

या रीतीने प्रश्न पुसट होतो, अदृश्य होत नाही. एखाद्याला नावाचा आधीच संशय असेल, तर खणाचा नंबर जुळवून तो संशय पक्का करू शकतो. म्हणून ही सोय मोबाईलसाठीच ठेवावी, संगणकावर पूर्ण यादी वापरावी. शिवाय यादी घेताना मान्य केलेल्या अटी वाचून, इतरांना अशी सेवा देण्यास परवानगी आहे का, हे आधी पाहावे.

मराठी नावांची खास अडचण

२७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत हे देवनागरी शेपूट सुरू झाले. मराठी आणि कोकणीसह आठ भाषांना ते उपलब्ध झाले. मराठी नाव वहीत मात्र देवनागरीत लिहिले जात नाही. प्युनीकोड नावाच्या पद्धतीने त्याचे रोमन अक्षरांत रूपांतर होते आणि त्या रूपाच्या आरंभी एक्स, एन आणि दोन जोडरेषा असतात. हे रूपांतर ग्राहकाच्या यंत्रावरच करावे. रूपांतर करून देणाऱ्या वेबसाईटवर नाव टाकले, की आणखी एका कानावर गेले.

दुसरी अडचण 'तऱ्हा', 'दऱ्या' यांतील ऱ ची. हे अक्षर संगणकात एकाच सांकेतिक क्रमांकानेही लिहिता येते आणि र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी नावे वाटतात. म्हणून शोधण्यापूर्वी नावाचे युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या रूपात रूपांतर करावे. बाहेरच्या देशांत घडलेल्या साधनांना या गोष्टीची चिंता असेलच असे नाही, आपल्याला असली पाहिजे.

कायद्याची बाजू

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने निर्देश काढले. सेवा पुरवणाऱ्यांनी आपल्या संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे 'आम्ही काहीही नोंदवत नाही' असा फलक लावून भारतात सेवा चालवण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. आमचा पहिला नियम येथे कामी येतो. सर्व्हरच्या नोंदीत पान कोणी उघडले ते राहील, पण कोणते नाव शोधले ते राहणार नाही, कारण ते तिथे आलेच नव्हते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याच्या दृष्टीनेही जितकी माहिती कमी घ्याल, तितकी जबाबदारी कमी.

पनवेलजवळ योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० पासून उभे आहे. सर्व्हर आपल्याच तालुक्यात आहे, म्हणून प्रश्न घरातच राहतो, असा समज काहींचा होतो. तो बरोबर नाही. यंत्र कुठे ठेवले आहे, यापेक्षा प्रश्न कुणाकुणाकडे जातो हे महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट. नाव मोकळे सापडले म्हणजे त्यावर आपला हक्क झाला, असे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफ कंपनीच्या दाव्यात, एका अक्षराचा फरक करून घेतलेले 'रॅडिफ' हे डोमेन नाव वापरण्यास मनाई केली. डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते, असे त्यात सांगितले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. तेव्हा साधनात 'व्यापारचिन्हांची नोंद स्वतंत्रपणे पाहा' ही ओळ जरूर असावी.

कसोटी

साधन तयार झाले की त्याची परीक्षा घ्यावी. वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर संगणकातून बाहेर काय जाते ते दाखवते. ते चालू ठेवून एक काल्पनिक नाव शोधावे आणि पुढील बाबी पाहाव्यात.

१) पहिल्या दोन पायऱ्यांत इंटरनेटचा तुटवडा केला तरी उत्तर येते का? वायर काढून पाहा.
२) नावासाठी डीएनएस प्रश्न बाहेर गेला का? जाता कामा नये.
३) आपल्याच पानाच्या पत्त्यात नाव दिसते का? दिसत असेल तर ते ब्राऊझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदीत उतरते.
४) जाहिरात, मोजदाद किंवा बाहेरून आणलेले फॉन्ट पानावर आहेत का? असतील तर काढा.

साधनाचा मूळ मजकूर सर्वांना पाहण्यास खुला ठेवावा. पारखणारा दुसरा कोणी असला की आपल्या शब्दाला वजन येते.

धंदा म्हणून

फुकट चौकशी करून देणारा आपला खर्च कुठून काढतो, हा प्रश्न ग्राहकाने विचारला पाहिजे आणि साधन चालवणाऱ्याने त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे. नावांची विक्री, शोधलेल्या नावांच्या याद्या विकणे किंवा रजिस्ट्रारकडून कमिशन घेणे, यांपैकी काहीही सुरू झाले की साधनावरचा विश्वास गेला. उघड फी घेणे हा स्वच्छ मार्ग आहे. पनवेल शहर, कळंबोलीचे लोखंड मार्केट, तळोजे एमआयडीसी येथे नवे व्यवसाय सुरू होत असतात. त्यांच्यासाठी काम करणारे चार्टर्ड अकाउंटंट, पाट्या रंगवणारे, छपाईवाले आणि वेबसाईट बनवणारे हे आपले पहिले ग्राहक. नव्या दुकानाचे नाव सर्वांत आधी यांच्याच कानावर येते. ते नाव त्यांच्याकडे अमानत असते आणि ती सांभाळण्याचे साधन त्यांना हवेच आहे.

भांडवल फार लागत नाही. एक बऱ्यापैकी संगणक, यादी मावेल एवढी डिस्क, वेबसाईटचा वार्षिक खर्च आणि रोज यादी ताजी करण्याची शिस्त. शिस्तीचा भाग सर्वांत अवघड आहे. चार दिवसांची शिळी यादी ग्राहकाला चुकीचे उत्तर देईल.

जे वाचक केवळ नाव घेणार आहेत, त्यांनी एवढे पाळावे. नाव आधी कागदावर ठरवा, स्पेलिंगचे दोन-तीन पर्यायही तिथेच लिहा. ब्राऊझरच्या पट्टीत नाव टाकून पाहू नका. पैसे भरण्याची तयारी झाली, कार्ड हाताशी आले, की मगच शेवटची चौकशी करा आणि त्याच बैठकीत नाव नोंदवून मोकळे व्हा. नाव स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावाने नोंदवा, वेबसाईट बनवणाऱ्याच्या नावाने नको. पावती मिळाली, की मग पाटी रंगवायला द्या आणि चार लोकांना सांगा.